जुनं पिस्तूल आणि खोटी निर्धास्ती

धाराशिव जिल्ह्यात शस्त्र परवान्याचा विषय निघाला की तीन वाक्यं ठरल्यासारखी ऐकू येतात. पहिलं : दिवस वाईट आहेत, कमरेला काहीतरी असलंच पाहिजे. दुसरं : घ्यायचंच तर जुनं इंपोर्टेड घ्या, वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली, लोखंड असं की नातवाला पुरेल, त्याला काही करावं लागत नाही. तिसरं : चालवायचंय कुठे, समोरच्याला दिसलं तरी पुरे. पवनचक्क्यांसाठी जमिनीचे आणि रस्त्यांचे व्यवहार पाहणारे हे बोलतात, सराफ बोलतात, कंत्राटदार बोलतात आणि आता गावचे सरपंचही बोलू लागले आहेत. पहिल्या वाक्यातली भीती मी नाकारत नाही. दुसरं आणि तिसरं वाक्य मात्र साफ चूक आहे आणि ती चूक जिवावर बेतणारी आहे.

भीती कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. 9 डिसेंबर 2024 रोजी शेजारच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन हालहाल करून मारलं. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा त्या प्रकरणात निघाला, आणि आपल्या भूम, वाशी, कळंब, तुळजापूर तालुक्यांतही तशाच पवनचक्क्या उभ्या आहेत. त्याच महिन्यात तुळजापूर तालुक्यातल्या एका सरपंचाने आपल्या गाडीवर हल्ला झाल्याची तक्रार दिली. तपासानंतर पोलिसांनी सांगितलं की हा बनाव होता आणि शस्त्र परवाना मिळावा म्हणून तो रचला होता. पोलिसांचं हे म्हणणं खरं असेल, तर परवान्यासाठी माणूस कुठवर जाऊ शकतो हे त्यातून दिसतं. बीडमध्ये तर उलटं घडलं. परवानाधारकांचे पिस्तूल उगारलेले फोटो आणि व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरले, गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचं निघालं आणि शंभरावर परवाने रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. एवढ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारला नाही : ज्यांच्याकडे रीतसर परवाना आणि रीतसर पिस्तूल आहे, त्यांच्यापैकी किती जणांना ते उघडता येतं?

तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते कायद्यापुढे टिकत नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार मिरवता येत नाही. ते कव्हरमध्ये, झाकूनच न्यावं लागतं. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत आनंदाने झाडलेल्या गोळीसाठी 2019 च्या दुरुस्तीने 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. म्हणजे ‘दिसलं तरी पुरे’ हा ज्याचा आधार आहे, त्याने परवान्याच्या अटी मोडायचं आधीच ठरवलेलं असतं. हत्यार झाकलेलंच राहणार असेल, तर ते बाहेर काढायची वेळ ही शेवटचीच वेळ असणार. त्या वेळी ते चाललं पाहिजे, आणि त्या वेळेआधी कधीही चालता कामा नये. जुन्या, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पिस्तुलाबद्दल या दोन्हींपैकी एकाचीही खात्री कुणी देऊ शकत नाही. माझा सगळा वाद एवढ्याच मुद्द्यावर आहे.

नको त्या वेळी गोळी सुटण्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात घुसली. बाहेरगावी निघताना हत्यार ठेवत असताना ते हातातून निसटलं, असं सांगितलं गेलं. ते बचावले. रिव्हॉल्वर जुनं होतं, भरलेलं होतं आणि पडलं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. पिस्तुलाची रचना वेगळी असते, पण धोका तोच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या अनेक पिस्तुलांत, ती पडली तर फायरिंग पिन पुढे जाऊ नये म्हणून आजच्यासारखा अडसर नसतो. ‘लोखंड एक नंबर’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लोखंड कितीही चांगलं असलं तरी जो भाग मुळात बसवलेलाच नाही, तो काम करणार नाही.

आता दुसरं वाक्य. जुन्या विदेशी हत्यारांचा एवढा मान का, याचं कारण त्यांच्या गुणापेक्षा टंचाईत आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी विदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली. जी आधी देशात आली होती, तीच हातोहात फिरत राहिली आणि भाव लाखांत गेले. 9 मिलिमीटर बोअर सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रतिबंधित आहे. उरतं मुख्यतः बत्तीस बोअर. त्यात नवं म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल किंवा कानपूरची रिव्हॉल्वरं. जुनं म्हणजे वॉल्थर पीपी, एफएन ब्राउनिंग, वेब्ली अँड स्कॉट. वॉल्थर पीपी 1929 मध्ये बाजारात आलं, एफएनचं 1910 चं मॉडेल त्याच्याही आधीचं. ही उत्तम यंत्रं होती, यात शंका नाही. पण आज आपल्यासमोर येणारा नग पन्नास, साठ, कधी ऐंशी वर्षांचा असतो, आणि मधल्या वर्षांत तो कुणाच्या गादीखाली, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या घामट कमरेला होता याची कुठेही नोंद नसते. भाव त्याच्या नावाचा लागतो, आणि तब्येत कुणी विचारत नाही. येरमाळ्याच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खुरं बघतो, चार पावलं चालवून बघतो. तोच माणूस लाखाचं पिस्तूल घेताना फक्त शिक्का बघतो.

मग काय बघायचं? हे सविस्तर सांगतो, कारण याविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही आणि सगळी माहिती दुकानदाराच्या तोंडून येते, ज्याला माल खपवायचा असतो.

सगळ्यात आधी कागद. परवान्यावरचा नंबर, फ्रेमवरचा नंबर आणि स्लाइडवरचा नंबर जुळला पाहिजे. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर भाव करत बसू नका, तिथून निघा. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे तो गुन्हा आहे आणि असं हत्यार ज्याच्या हातात सापडेल त्यालाच उत्तर द्यावं लागतं. खासगी मालकाकडून घेत असाल, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. ‘आधी घेऊन जा, कागद मागाहून करू’ हा आपल्याकडचा सोयरिकीतला व्यवहार इथे चालत नाही.

हातात घेतल्यावर ते रिकामं करण्याचा क्रम कधीही बदलायचा नाही. नळी कुणाकडेही वळलेली नको, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून धरायची, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. हाच क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझीन आत असताना आधी स्लाइड ओढली, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझीनमधलं नवं आत जातं. त्यानंतर मॅगझीन काढून माणूस निश्चिंत होतो आणि आत एक राउंड तसाच राहतो. ‘रिकामं होतं’ म्हणता म्हणता घरातलं माणूस जाण्याचे प्रसंग याच चुकीतून होतात. रिव्हॉल्वर वापरून पिस्तुलाकडे वळलेल्यांना ही चूक फार लवकर घडते, कारण रिव्हॉल्वरचं चक्र उघडलं की सगळी काडतुसं समोर दिसतात आणि पिस्तुलात तसं नसतं.

मग नळी. काही मॉडेलची नळी सुटी होते. वॉल्थर पीपीची फ्रेमला पक्की असते, तिथे स्लाइड उतरवून उजेड धरावा. आत खड्डे आहेत का ते पाहा. जुन्या काळच्या काडतुसांच्या टिकलीत, म्हणजे प्रायमरमध्ये, क्षार असत. गोळी झाडल्यावर नळी धुतली नाही तर ते आत गंज धरत. खड्ड्यांपेक्षाही वाईट म्हणजे नळीत आडवी काळी कडी दिसणं. ती फुगवट्याची खूण असते : कधीतरी एक गोळी आत अडकली आणि तिच्यामागून दुसरी झाडली गेली. असं पिस्तूल फुकट मिळालं तरी घेऊ नये.

बत्तीस बोअरची बहुतेक पिस्तुलं साध्या तत्त्वावर चालतात. गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड कुठल्या कुलपाने बंद नसतं; स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच सगळा भार असतो. ती स्प्रिंग म्हातारी झाली, म्हणजे दाबली गेली आणि लांबी हरवून बसली, की प्रत्येक गोळीला स्लाइड फ्रेमवर जोराने आदळते. वर्षानुवर्षं असं झालं की तडे जातात. म्हणून स्लाइड उतरवून फ्रेमचे कोपरे आणि स्लाइडच्या खाचा चांगल्या उजेडात, शक्यतो भिंगाखाली पाहाव्यात. स्प्रिंग ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात आधी मरणारी. जुनं पिस्तूल घेणाऱ्याने ती नवी मिळते की नाही हे आधी विचारावं, पिस्तुलाचा भाव नंतर.

ट्रिगरची यंत्रणा रिकाम्या पिस्तुलावर तपासता येते. घोडा चढवा आणि मागून अंगठ्याने पुढे ढकला. निसटता कामा नये. ज्या मॉडेलची सेफ्टी घोडा चढलेलाच ठेवते, त्यात सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. घोडा त्या क्षणी पडला तर आतले दात झिजलेले आहेत. वॉल्थर पीपीची सेफ्टी लावताच घोडा स्वतः खाली येतो, पण तो फायरिंग पिनपर्यंत पोचता कामा नये. मग ट्रिगर दाबून धरूनच स्लाइड मागे ओढून सोडा. घोडा चढलेलाच राहिला पाहिजे. स्लाइडबरोबर खाली आला तर ते पिस्तूल एका दाबात एकापेक्षा जास्त गोळ्या झाडू शकतं. विक्रेता या चाचण्या करू देत नसेल, तर तेवढं उत्तर पुरेसं आहे.

राहिलं मॅगझीन. पिस्तूल अडकलं की सगळे पिस्तुलाला शिव्या देतात, दोष बहुधा मॅगझीनचा असतो. वरचे ओठ वाकलेले, अंगावर पोचा, आतली स्प्रिंग ढिली. जुन्या मॉडेलांचं मूळ मॅगझीन मिळत नाही म्हणून कुणाकडून तरी बनवून घेतलेलं जोडलेलं असतं. शिवाय बत्तीसच्या पिस्तुली काडतुसाची कड थोडी बाहेर आलेली असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पहिल्या गोळीनंतर पिस्तूल थांबतं. भरतानाच प्रत्येक काडतूस मागच्या बाजूला नीट टेकवत भरायची सवय लागली पाहिजे.

काडतुसांचा आणखी एक घोळ आपल्याकडे नेहमीचा आहे. रिव्हॉल्वरही ‘बत्तीस बोअर’ आणि पिस्तूलही ‘बत्तीस बोअर’. पण पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी 17 मिलिमीटरची, भारतीय रिव्हॉल्वरच्या काडतुसाची 23 मिलिमीटरची. ही एकमेकांत वापरायची नसतात. आपल्याकडची बरीच काडतुसं पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातून येतात. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ आणि साल ठोकलेलं असतं. ते साल वाचावं. वीस वर्षांपूर्वीची, पाच उन्हाळे पत्र्याच्या कपाटात तापलेली काडतुसं जिवाच्या वेळेसाठी राखून ठेवणं म्हणजे स्वतःशीच केलेली फसवणूक. हिरवट डाग पडलेली, टिकली ढिली झालेली काडतुसं बाजूला काढावीत आणि परवानाधारक विक्रेत्याकडे परत करावीत.

‘त्याला काही करावं लागत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. धाराशिवचं हवामान हत्याराला अजिबात मानवणारं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, अंगाला लावलेलं पिस्तूल दिवसभर घामात भिजतं आणि घामातलं मीठ काळ्या रंगाच्या पोलादाला पहिल्या आठवड्यातच डाग पाडतं. मुठीच्या पट्ट्यांखाली, जिथे डोळा जात नाही, तिथे गंज आधी बसतो. त्यात बालाघाटच्या माळावरची धूळ. पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांवरून, खळ्यावरून फिरणाऱ्या माणसाच्या पिस्तुलात ती रोज जाते, आणि वर जास्त तेल ओतलेलं असलं की तेल-धूळ मिळून चिकट लगदा होतो. घरातलं खोबरेल लावणारे तर सर्रास आढळतात; खोबरेल थंडीत गोठतं आणि पुढे राळेसारखं चिकटतं. अशा पिस्तुलाची स्लाइड अर्ध्यावर थांबते, फायरिंग पिन मंदावते आणि टिकलीवर नुसता ओरखडा उठतो.

करायचं काय, ते कष्टाचं नाही, नेमाचं आहे. रोज बाळगत असाल तर रोज संध्याकाळी ते रिकामं करा, कोरड्या फडक्याने पुसा, किंचित तेलाचा हात फिरवा. आठवड्यातून एकदा स्लाइड उतरवा, ब्रशने धूळ काढा, मुठीखाली बघा. गोळ्या झाडल्या असतील तर त्याच दिवशी पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून नळी साफ करा, चिंदी पांढरी निघेपर्यंत. तेल सरकणाऱ्या खाचांवर थेंबभर. चेंबर आणि फायरिंग पिनची जागा कोरडी. रात्रभर चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. बाळगताना ट्रिगर पूर्ण झाकणारं घट्ट कव्हर लागतं; पँटच्या पट्ट्यात नुसतं खोचलेलं पिस्तूल मोटारसायकलवरून उतरताना कुठे पडेल याचा नेम नाही. आणि माझं स्पष्ट मत : जुन्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये राउंड ठेवून ते बाळगू नये. अर्धा सेकंद वाचतो म्हणून ज्यांना हे पटत नाही, त्यांनी तो अर्धा सेकंद कधी घड्याळ लावून मोजला आहे का, हे स्वतःला विचारावं.

आपल्याकडे एक आणखी गोष्ट होते, ती श्रद्धेची आहे म्हणून कुणी बोलत नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्याराची पूजा होते. तुळजाभवानीच्या या मुलखात ती व्हायलाच हवी. पण पिस्तुलावर पाण्याचे थेंब, हळद-कुंकू, अक्षता पडतात. कुंकू ओलं होऊन स्लाइडच्या फटीत जातं, अक्षता मॅगझीनच्या तोंडात. पूजा झाली की ते तसंच कपाटात जातं, पुढच्या दसऱ्यापर्यंत. तलवारींच्या काळात घराघरांतली पाती घासून तेलपाणी करणारे शिकलगार गावोगाव होते. पूजेआधी हत्यार त्यांच्या हातून जात असे. आपण पूजा ठेवली आणि शिकलगाराचं काम सोडून दिलं. पूजा फुलं समोर ठेवून, कोरड्या हाताने करा, आणि त्याआधी पिस्तूल उघडून साफ करा. देवीला ते अधिक मान्य होईल असं मला मनापासून वाटतं.

निवडणुका आल्या की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. लोकसभा, विधानसभा, मग स्थानिक संस्था. मुद्देमालाच्या खोलीत महिनोन्‌महिने पडून आलेलं पिस्तूल बरेचजण घरी आणून तसंच कमरेला लावतात. जमा करताना ते साफ करून, तेल लावून द्यायला हवं आणि परत आलं की बाळगण्याआधी पूर्ण उघडायला हवं.

बिघाड निघाला तर दुरुस्ती कुठे? इथे मोठी चूक होते. गावातल्या लेथवाल्याकडून फायरिंग पिन बनवून घेणं, वेल्डिंगवाल्याकडून तडा भरून घेणं. हत्याराची दुरुस्ती करायलासुद्धा कायद्याने परवाना लागतो. लेथवाला आणि मालक दोघेही गुन्ह्यात अडकतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कडकपणा न राखता बनवलेली पिन किंवा भरलेला तडा चेहऱ्यासमोर फुटू शकतो. पुण्या-हैदराबादच्या परवानाधारक दुकानापर्यंत जायचा त्रास नको असेल, तर पिस्तूलही नको. मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांबद्दल मी इथे एक ओळही वाया घालवणार नाही. बेकायदा अग्निशस्त्र बाळगण्याला आता किमान 2 वर्षांची कैद आहे आणि ती योग्य आहे.

यावर मला दोन उलट बाजूंनी उत्तर मिळेल, याची कल्पना आहे. एक म्हणेल, आमच्या आजोबांनी रझाकारांच्या वेळी हत्यारं धरली, ती कुठे एवढी पुसत बसले होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा अभिमान मलाही आहे. सोलापूरच्या बाजूच्या सरहद्दीवरच्या छावण्यांतून लढलेली माणसं एका शिस्तीखाली, एकमेकांच्या भरवशावर लढली; सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य गेलं आणि त्या लढाईचं कारणही संपलं. एकट्या माणसाने स्वतःच्या व्यवहारासाठी कमरेला लावलेल्या पिस्तुलाला त्या लढ्याचं नाव देऊ नये.

दुसरी बाजू म्हणेल, मग सगळेच परवाने रद्द करा. त्यांच्याकडे दाखले भक्कम आहेत. 22 एप्रिल 2006 रोजी भाजप नेते प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या त्या परवान्याच्या बत्तीस बोअर ब्राउनिंग पिस्तुलातून. 3 मे रोजी ते गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात खुद्द वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात एका आमदाराने परवान्याच्या पिस्तुलातून गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला, आणि त्यानंतर आठवड्याभरात दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने, पोलिसांच्या म्हणण्यानुसार. हत्यार कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या हाताला लागतं, यातलं अंतर एका न लावलेल्या कुलपाएवढंच असतं. तरीही सरसकट बंदी मला मान्य नाही. माळावरच्या वस्तीवर एकटं राहणारं कुटुंब, रोकड घेऊन रात्री फिरणारा सराफ, यांना स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे. पण हक्काला लायकीची अट हवी, आणि लायकी म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला एवढंच नव्हे.

नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आहे, हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याची हमी आहे. व्यवहारात ते एका कागदावर संपतं. सामान्य परवानाधारकाला आपल्या जिल्ह्यात सरावाची जागा सहज मिळत नाही, मग तो शेतातल्या बांधावर झाडून बघतो आणि शेजारच्या वस्तीचा जीव धोक्यात घालतो. नेमबाज राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास सराव करून, शांत उभं राहून, कागदाच्या लक्ष्यावर. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, हलत्या माणसासमोर, आयुष्यात दोन मॅगझीन न झाडलेला माणूस काय करील?

म्हणून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक, दोघांकडे मागणी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षं झाली आहे. नूतनीकरणाच्या वेळी फक्त हत्याराचा नंबर न पाहता पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातल्या जाणत्या माणसाकडून ते उघडून तपासून घ्यावं, आणि नळी, स्प्रिंग, सेफ्टी, मॅगझीन यांचा शेरा फाइलला लागावा. मालकाला समोर बसवून ते रिकामं करायला, उघडायला आणि जोडायला लावावं. पोलिसांच्या गोळीबार मैदानावर परवानाधारकांसाठी वर्षातून ठरावीक दिवस, शुल्क घेऊन, देखरेखीखाली सराव ठेवावा. ज्याचं पिस्तूल नापास होईल त्याने ते दुरुस्त करून आणावं किंवा जमा करावं. जो स्वतः नापास होईल त्याचा परवाना शिकून येईपर्यंत थांबवावा.

आणि परवानाधारकांनो, प्रशासन हे करील तेव्हा करील. तुमच्या कपाटातलं पिस्तूल आज रात्री मुलं झोपल्यावर बाहेर काढा. सांगितलेल्या क्रमाने रिकामं करा आणि उघडून उजेडात धरा. ते कसं उघडायचं हेच ठाऊक नसेल तर हात लावू नका. उद्या जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या.